बूट मोजणे

काळोख पडला की मी बूट गोळा करतो.
सात पोरं, चौदा बूट.
पोत्यात भरून उशाशी घेतो.
अनवाणी माणूस लांब पळत नाही,
असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं,
आणि युटाच्या या पठारावर निवडुंग इतका
की ते खरंच असावं.
पोत्यातून वास येतो: घाम, राख, चुरगळलेलं सेज,
कुणाचा तरी न वाळलेला मोजा.
त्या वासात मी झोपतो. झोपतो म्हणजे
एक कान जागा ठेवून पडतो.

घड्याळ एकच, माझ्या खिशात.
किती वाजले हे सांगायचं नाही.
उद्या कुठे चालायचं, सांगायचं नाही.
घरी कधी, हे तर मलाही माहीत नसतं,
पण माहीत असल्यासारखा चेहरा ठेवायचा.
दिवसाला एकशे चाळीस डॉलर.
मी तेवीस वर्षांचा. त्याआधी दोन उन्हाळे
नदीवर पर्यटकांचे राफ्ट वल्हवले, एवढीच पात्रता.

झाडामागे जाताना स्वतःचं नाव ओरडत राहायचं,
हाही नियम. आवाज थांबला की आम्ही धावायचं.
कॅल्डर, कॅल्डर, कॅल्डर.
सकाळी सगळं पठार असं स्वतःला हाका मारत
लघवीला बसलेलं असतं.

विन्स्लो पंधराचा. कनेक्टिकटहून आला.
आला म्हणजे आणला.
पहाटे चारला पलंगापाशी दोन अनोळखी दांडगे,
दारात आई, गाऊनचा पट्टा घट्ट धरून.
ती काहीतरी म्हणाली होती, काय ते आता आठवत नाही.
फरशी गार होती, हे आठवतं.
आणि बूट त्या दोघांनी घातले, नाडीसुद्धा बांधून दिली,
लहानपणी बांधतात तशी, दुहेरी गाठ.
हे सगळं त्याने मला मसूर ढवळता ढवळता सांगितलं,
वर म्हणाला, मीठ आहे का?

तो स्वतःचं नाव ओरडत नाही.
पहिल्या दिवशी कुत्र्याचं ओरडला, मग राज्यांच्या राजधान्या,
मग एक दिवस ज्युनिपरमागून माझंच:
ग्रेडी! ग्रेडी! ग्रेडी!
मला हसू फुटलं.
इन्ग्रिडने वहीत लिहिलं, सहकार्य नाही.

बाराव्या दिवशी त्याच्या धनुकलीखाली धूर आला.
तळहात सोललेले, नाकाचा घाम लाकडावर ठिबकतोय,
आणि काळ्या भुकटीत एक लालसर दाणा,
डाळिंबाच्या दाण्याहून लहान.
मी सालीचा काथ्या पुढे केला. फुंकर मार, म्हणालो, हळू.
त्याने दाण्याकडे बराच वेळ पाहिलं.
मग अंगठा ठेवला.
चर्र झालं. तो ओरडला नाही.

विस्तव पेटला की पुढची पायरी, तो म्हणाला.
पुढच्या पायरीवर आईला पत्र लिहावं लागतं.

अंगठ्याला मलम लावलं, पट्टी बांधली.
या वेळी वही माझ्याकडे होती.
मी लिहिलं: वारा होता, विस्तव धरला नाही. किरकोळ भाजलं.
त्या दिवशी पान हललं नव्हतं.
मी त्याला वाचवलं, की आणखी आठ दिवस अडकवलं,
हे अजून कळलेलं नाही.
त्याच्या आईला मात्र दर दिवसाचं बिल जातं.

आठ दिवस वर, सहा दिवस खाली, अशी आमची पाळी.
गावातल्या भाड्याच्या खोलीत गरम पाणी सोडतो,
केसांतून लाल माती निघत राहते, निघतच राहते.
आणि फरशीवर उभा राहून मी पुटपुटत असतो,
ग्रेडी, ग्रेडी, ग्रेडी.
काल पार्टनरने दार ठोठावलं: कुणाशी बोलतोयस?
मी गप्प झालो.
गप्प झालो आणि छातीत धस्स झालं,
आता कुणीतरी धावत येणार.

रात्री दाराशी माझेच दोन बूट.
तरी मोजतो.